व्हर्लिनचे नारंगी ठिपके

मेपल रिजचा विमानतळ म्हणजे एक धावपट्टी, वाऱ्याची दिशा दाखवणारी एक विटकी पिशवी आणि विमानं ठेवायचे पत्र्याचे पाच हँगर. त्यातल्या तिसऱ्या हँगरमध्ये सात निवृत्त माणसांनी मिळून विमान बांधायला घेतलं, तेव्हा त्यांच्यात पहिलं कडाक्याचं भांडण झालं ते नेलपॉलिशच्या रंगांवरून.

विमान कुणा एकाचं नव्हतं. दोन माणसं बसतील एवढं हलकं विमान, सगळ्यांनी मिळून मागवलेलं, सुट्या भागांत, चार लाकडी खोक्यांतून आलेलं. दर मंगळवारी आणि शनिवारी सकाळी आठला जमायचं, कॉफी प्यायची, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करायची आणि मग दुपारपर्यंत काम. पण सात जणांनी काम करायचं म्हणजे सात जणांनी विसरायचं. एकानं बोल्ट बसवला, दुसऱ्याला वाटलं आवळलाही असेल, तिसरा त्यावर झाकण लावून मोकळा. म्हणून नियम ठरला. ज्यानं बोल्ट आवळला त्यानं नटावर आपल्या रंगाचा ठिपका लावायचा. ठिपका आहे म्हणजे आवळलेला आहे, त्यात कुणी तोंड घालायचं नाही. पुढे कधी तो सैल करावा लागला तर आधी ठिपका पुसायचा आणि वहीत लिहायचं. खरं म्हणजे नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत रेघ ओढतात, म्हणजे नट हलला तर रेघ तुटलेली दिसते. पण अडचणीच्या जागी म्हाताऱ्या बोटांना ठिपकाच जमतो, आणि हळूहळू सगळीकडेच ठिपका चालू झाला.

बाटल्या आणल्या आर्डिस टॉलेफसननं. सात जणांतली ती एकटी बाई, त्यामुळे नेलपॉलिश आणणं तिच्याकडे येणार हे कुणी न सांगताच ठरलं होतं. आर्डिसनं उभ्या जन्मात नखं रंगवली नव्हती. एकतीस वर्षं तिनं काउंटीच्या शाळेच्या बसगाड्या सांभाळल्या होत्या. कुठली बस कुठे, कुठलं पोर कुठल्या वळणावर उतरतं, कुणाच्या ब्रेकला कधी हात लावला, सगळं तिच्या तोंडपाठ असे. तिनं सात रंग टेबलावर मांडले आणि सहा बाप्ये त्यावर तुटून पडले. हिरवा ड्वेन फ्लुगनं पळवला. ड्वेन शाळेत सुतारकाम आणि लोहारकाम शिकवायचा, त्यामुळे हँगरमध्येही तो मास्तरच होता आणि सगळ्यांना ते चालत होतं. व्हर्लिन स्कोगन सगळ्यात शेवटी उठला आणि त्यानं नारंगी उचलला.

"नारंगी कशाला?" ड्वेननं विचारलं.

"शिकारीला नारंगीच घालतो. हरीण समजून मला कुणी गोळी घालायला नको," व्हर्लिन म्हणाला. "तुमच्यातल्या निम्म्यांना दिसत नाही."

आर्डिसकडे जांभळा उरला. तिनं नाक मुरडलं आणि खिशात टाकला.

व्हर्लिन तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचा होता. चाळीस वर्षं त्यानं शेतीच्या यंत्रांच्या दुकानात ट्रॅक्टर दुरुस्त केले होते, बायको गेल्यापासून एकटा राहायचा, आणि आवळताना नटाला किती जोर लागतोय हे त्याच्या मनगटाला कळायचं. ठरावीक जोर झाला की 'टक्' वाजणारा पाना असतो, तो सगळ्यांना वापरावाच लागे, पण पाना टक् वाजायच्या आत व्हर्लिनच्या तोंडून 'हं' निघायचं. आर्डिसला पत्रे जोडायचे रिव्हेट मारायला त्यानंच शिकवलं होतं. पहिल्या दिवशी तिनं पत्र्याला पोचा पाडला, तर त्यानं तो पोचा बोटानं चाचपून पाहिला आणि म्हणाला, "आता हा तुझाच. उडताना याच्या बाजूला बसायचं." बस, एवढंच बोलला.

विमानाचं बांधकाम चार वर्षं चालू होतं. पंख झाले, शेपटी झाली, इंजिन बसलं. आणि मग ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी आर्डिसची पेन्सिल पडली.

पेन्सिल सीटच्या मागे घरंगळली. आर्डिस पालथी पडून हात घालून चाचपू लागली, तर पेन्सिलीच्या आधी तिच्या बोटांना एक नट लागला आणि तो फिरला. बोटानं. तिनं आरसा आणि बॅटरी घेतली. शेपटीची आडवी झडप ज्या दांड्यानं हलते, त्या दांड्याचा तो बोल्ट. तो निसटला तर विमानाचं नाक वर करता येत नाही आणि मग खाली येण्याखेरीज वैमानिकाच्या हातात काही उरत नाही. नटावर ठसठशीत नारंगी ठिपका होता.

स्टोव्हपाशी व्हर्लिन कुणाला तरी फसलेल्या ट्रॅक्टरची गोष्ट सांगत होता आणि सगळे हसत होते. ती ड्वेनला बाहेर घेऊन गेली.

"नक्की त्याचाच?" ड्वेननं विचारलं.

"नारंगी आहे. आणखी कुणाचा असणार?"

"हाताला सैल?"

"ड्वेन, मी एका बोटानं फिरवला."

ड्वेननं धावपट्टीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, "गेल्या आठवड्यात तो सोमवारी आला होता. मंगळवार समजून. माझ्या बायकोनं त्याची गाडी बघितली."

"मलाही परवा त्यानं 'जेनेल' अशी हाक मारली," आर्डिस म्हणाली. जेनेल ही व्हर्लिनची मुलगी.

आता सोमवारला मंगळवार कोण समजत नाही? निवृत्त माणसाला सगळे वार सारखेच. आणि आपल्या मुलीच्या नावानं दुसऱ्या बाईला हाक मारणं हा काही आजार नाही. पण संशय एकदा डोक्यात शिरला की त्याला खायला हवंच असतं, आणि ऐंशीच्या घरातला माणूस रोज काही ना काही खाऊ पुरवतोच. त्याच मिनिटाला दोघांनी मनातल्या मनात निकाल लावून टाकला.

त्याला सांगणं हे त्यांच्यातल्या कुणालाही शक्य नव्हतं. या भागातले लोक शेजाऱ्याचं घर जळत असलं तरी आधी हवापाण्याचं बोलतील. शिवाय मंगळवार आणि शनिवार काढून घेतले तर व्हर्लिनकडे उरत होतं काय? तेव्हा ड्वेननं उपाय काढला. व्हर्लिनला काम करू द्यायचं. बुधवारी सकाळी आपण दोघांनी यायचं आणि त्याचे सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे, नवे आणि जुनेही.

"आधी तपासू या. जो सैल असेल तोच आवळू," आर्डिस म्हणाली.

"आवळलेल्या नटावर पाना लावून खरं कळत नाही. सैल करायचा आणि पुन्हा आवळायचा. शाळेत मी हेच शिकवायचो."

"आणि ठिपका?"

ड्वेननं मान खाली घातली. "त्याची बाटली फळीवरच असते," तो म्हणाला.

तसंच झालं. बुधवारी दोघं यायची, ड्वेन नट सैल करायचा, पुन्हा टक् वाजेपर्यंत आवळायचा, आर्डिस जुना ठिपका पुसून व्हर्लिनच्या बाटलीतला नारंगी लावायची. तिला वाटायचं, आपण चांगलं करतोय. व्हर्लिन मंगळवारी हसत यायचा, शनिवारी हसत जायचा, कुणाचं मन दुखत नव्हतं, विमान सुरक्षित होतं. एक-दोनदा तिच्या मनात आलं की हे नट सैल करताना ड्वेनला चांगलाच जोर लावावा लागतोय, म्हणजे हे नीट आवळलेलेच होते की. पण ती बोलली नाही. ड्वेनही बोलला नाही. किती नीट होते आणि किती नव्हते, हे कुणी कुठे लिहून ठेवलं नाही.

जानेवारीत, बाहेर उणे वीस आणि आत स्टोव्ह लाल झालेला असताना, व्हर्लिननं आपली बाटली उजेडात धरली.

"हिच्यात एवढासा रंग कसा?" तो म्हणाला.

"बाटली लहानच असते," ड्वेन म्हणाला.

"मी पीत नाही, ड्वेन." सगळे हसले. व्हर्लिन हसला नाही. तो विमानापाशी गेला, चष्मा कपाळावर सरकवून एकेक नट बघत राहिला. स्टोव्हभोवतीची बडबड बंद पडली. मग तो परत आला आणि आर्डिससमोर उभा राहिला. "मी डावखुरा आहे. माझा ठिपका डावीकडे ओघळतो. हे ठिपके माझे नाहीत."

आर्डिसनं ड्वेनकडे बघितलं. हे तिनं करायला नको होतं.

"कधीपासून?" व्हर्लिननं विचारलं.

"ऑक्टोबर," ड्वेन म्हणाला आणि मग त्यानं सगळं सांगितलं, अगदी मास्तरी सावकाशपणे, दांड्याचा बोल्ट, सैल नट, बुधवार. 'तुझ्यासाठीच' हा शब्द त्यानं तीनदा वापरला.

व्हर्लिन ऐकत राहिला. त्याला राग येईल असं आर्डिसला वाटत होतं, आणि राग आला असता तर बरं झालं असतं. पण त्याच्या तोंडावरचा रंगच उतरला. त्यानं मागे हात करून खुर्ची शोधली आणि तो बसला.

"आणखी कुठले सैल होते?"

ड्वेननं स्टोव्हचं दार उघडून आत बघितलं.

"एवढं तरी सांगा. दोन? दहा? सगळे?"

"आम्ही तसं बघितलंच नाही, व्हर्लिन," आर्डिस म्हणाली. "सरसकट सैल करून आवळले."

"म्हणजे मी शंभर चुकलो की एकच, हे तुम्हाला माहीत नाही."

"नाही."

"आणि आता कधी कळणारही नाही." तो स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाला. "तो दांड्याचा बोल्ट मी आवळला होता. मला आठवतंय. पाना टक् वाजलेला आठवतोय." मग थांबून म्हणाला, "निदान मला वाटतंय की आठवतंय."

त्यानं कोट घातला, कानटोपी घातली आणि गेला. पुढच्या शनिवारी आला नाही, मंगळवारी आला नाही. ड्वेननं दोन आठवडे वाट बघितली आणि मग जेनेलला फोन केला. जबाबदारी म्हणून. एकटा राहणारा माणूस, गॅसची शेगडी, बर्फातून गाडी. उद्या काही झालं तर आपल्याला माहीत असून आपण गप्प बसलो असं व्हायला नको. ड्वेन वाईट माणूस नाही. या गोष्टीत वाईट माणूस कुणीच नाही, तोच तर सगळा घोटाळा आहे.

जेनेल दोन तासांवर ओ क्लेअर शहरात राहते. ती आली, तिनं आधी त्याच्या गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या, मग बापाला दवाखान्यात नेलं. तिथे विसराळूपणाची चाचणी म्हणून त्याला कागदावर घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगितली. चर्चमध्ये बातमी आली की व्हर्लिनला घड्याळ काढता आलं नाही. एप्रिलमध्ये बातमी आली की घर विकायला काढलंय, आणि ओ क्लेअरला म्हाताऱ्या माणसांच्या वसतिगृहात त्याच्यासाठी खोली बघितलीय. मेच्या मधल्या रविवारी तो जाणार होता. आर्डिस या काळात दोनदा त्याच्याकडे भाजलेल्या जेवणाचं भांडं, हॉटडिश, घेऊन गेली. त्यानं दार उघडलं, थँक यू म्हटलं, भांडं घेतलं. आत ये म्हणाला नाही.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी हँगरमध्ये शेवटची साफसफाई होती. सोमवारी सरकारी तपासनीस येणार होता, आणि त्याच्यासाठी शेपटीकडची सगळी झाकणं उघडून ठेवायची होती. आर्डिस अंगानं लहान, म्हणून मागच्या झाकणातून दिवा घेऊन डोकं आत तिनं घातलं. या बाजूनं आत कुणी कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. सीटच्या मागचा तो दांडा तिला आज पलीकडून दिसला. पुढून नट दिसायचा. इथून त्याच बोल्टाचं डोकं दिसत होतं. आणि बोल्टाच्या डोक्याखाली एक छोटा क्लिप दाबून बसवलेला होता. क्लिपमधून काळी तार शेपटीकडे गेली होती.

रेडिओच्या अँटेनाची तार होती ती. ती तार आर्डिसनं घातली होती.

ती तशीच अर्धी आत, अर्धी बाहेर पडून राहिली. डोक्याखाली क्लिप घालायचा तर बोल्ट पूर्ण बाहेर काढावा लागतो. बोल्ट काढायचा तर नट काढावा लागतो. व्हर्लिननं तो सप्टेंबरमध्ये आवळला, त्यावर ठिपका लावला. तार गेली त्यानंतर, ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी. त्या दिवशी बाहेर ब्रॅटवर्स्टचे सॉसेज भाजत होते, त्याचा वास येत होता. तिनं बोल्ट काढला, क्लिप सरकवला, बोल्ट परत घातला, नट हातानं लावला. पाना ड्वेनकडे होता. खाऊन आल्यावर आवळू. कुणीतरी हाक मारली, 'आर्डिस, मस्टर्ड कुठे ठेवलंस?' आणि ती गेली. ठिपका पुसला नाही. वहीत लिहिलं नाही. परत आल्यावर दुसरंच काम काढलं. आणि दोन आठवड्यांनी तोच नट बोटाला सैल लागला तेव्हा तिच्या डोक्यात हा सगळा शनिवार आलाच नाही. नारंगी ठिपका दिसला आणि डोकं तिथेच थांबलं.

ती बाहेर आली तेव्हा ड्वेन घाबरला. "काय झालं? चक्कर आली का?"

तिनं सांगितलं. ड्वेन स्वतः वाकून क्लिप बघून आला. आला तो हात पुसत राहिला, हात स्वच्छ होते तरी.

"हं," तो म्हणाला.

"तो बोल्ट त्यानं नीट आवळला होता. मी सैल केला. मीच सैल केला आणि मीच त्याच्या नावावर खपवला."

"मुद्दाम नाही ना."

"मुद्दाम नाही म्हणून काय त्याचं घर परत येणार आहे?"

"आर्डिस, घड्याळ त्याला काढता आलं नाही. ते काही तुझ्या क्लिपनं झालं नाही." ड्वेन आवाज खाली आणून म्हणाला. "आणि हे आता बोलायचं तर तपासनिसालाही सांगायला लागेल. मग तुझे जांभळ्या ठिपक्यांचे बोल्ट? ते सगळे उघडायचे?"

"उघड," आर्डिस म्हणाली. "सगळे उघड. या वेळी लिहून ठेव किती सैल निघाले."

तिनं वही काखेत मारली आणि गाडीत बसली.

व्हर्लिनच्या घरासमोर जेनेलची गाडी उभी होती आणि व्हरांड्यात खोकी रचलेली होती. जेनेल पन्नाशीची, दवाखान्यात नोकरी करणारी, दमलेली बाई. तिनं आर्डिसला आत घेतलं. व्हर्लिन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कोट घालून बसला होता, जायचं उद्या होतं तरी.

आर्डिसनं उभ्याउभ्याच सांगितलं. क्लिप, तार, ब्रॅटवर्स्ट, मस्टर्ड. वही उघडून त्याच्यासमोर ठेवली. व्हर्लिननं चष्मा लावला आणि बोटानं ओळ वाचली.

"'अँटेनाची तार घातली. ए. टी.' इथे बोल्टाचं काही नाही."

"लिहायचं राहिलं. विसरले."

"तू विसरलीस."

"हो."

"एकतीस वर्षांत एक पोर चुकीच्या वळणावर उतरवलं नाहीस तू." व्हर्लिननं चष्मा काढला. त्याच्या आवाजात जराही कडवटपणा नव्हता, आणि तेच आर्डिसला सहन होईना. "क्लिप काय, कधीही लावता येतो. आज सकाळीसुद्धा."

"व्हर्लिन, मी खोटं बोलत नाहीये."

"ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत दर बुधवारी तू माझ्या नावानं ठिपके लावलेस. मंगळवारी माझ्या शेजारी बसून कॉफी प्यायचीस. मला पत्ता लागला नाही." तो थोडा हसला. "चांगलं जमतं तुला. मला वाईट वाटू नये म्हणून तू काय वाटेल ते करशील, हे मला ठाऊक आहे."

"हे खरं आहे. चल माझ्याबरोबर, तुला दाखवते."

"काय दाखवशील? क्लिप दिसेल. मी आवळला होता हे दिसेल का?"

तो सप्टेंबरातला टक् फक्त एका माणसानं ऐकला होता आणि त्या माणसाचा आता स्वतःच्या कानांवर विश्वास उरला नव्हता.

"आणि समज खरं असलं," व्हर्लिन म्हणाला, "तर मग मला ते घड्याळ का काढता आलं नाही? सांग. ती बाई समोर बसली होती. मी काटा काढला. मग वाटलं, हा बरोबर आहे का? का मला नुसतंच वाटतंय? खोडला. पुन्हा काढला. पुन्हा खोडला. कागद फाटला." त्यानं टेबलावरून हात फिरवला, नसलेला कचरा झाडला. "ठीक आहे माझं. तिथे लाकूडकामाची खोली आहे म्हणे. हत्यारं बोथट देतात, पण खोली आहे. तू घरी जा, आर्डिस. तुझी चूक नाही."

तिची चूक होती. जगात तिला एवढी एकच गोष्ट पक्की ठाऊक होती, आणि ज्याला ती द्यायची तो ती घेत नव्हता. तिनं आणखी दोनदा सांगून पाहिलं, शब्द बदलून. जितकं सांगावं तितका तो अधिक मायेनं मान हलवत होता. शेवटी तो उठला आणि झोपायच्या खोलीत जाऊन खोक्याला चिकटपट्टी लावू लागला. पट्टी ओढल्याचा आवाज येत राहिला.

जेनेल तिला दारापर्यंत पोचवायला आली.

"थँक यू," ती हळूच म्हणाली. "तुम्ही हे केलंत ते फार बरं झालं. डॅडला असं काहीतरी ऐकायला हवं होतं."

"असं काहीतरी नाही," आर्डिस म्हणाली. तिचा आवाज चढला आणि तिला तो आवरेना. "हे घडलंय. मी बोल्ट काढला आणि विसरले. साफ विसरले. दोन आठवड्यांनी तोच नट हातात आला तरी मला आठवलं नाही. सात महिने आठवलं नाही. मी तुझ्या वडिलांवर आळ घेतला, आणि मला मनापासून वाटत होतं की मी खरं बोलतेय. त्यांना काही झालेलं नाही, जेनेल. विसरले ती मी."

जेनेलनं आर्डिसकडे बघितलं, आणि आर्डिसला दिसलं की तिनं या वेळी विश्वास ठेवला. मनापासून ठेवला. तिच्या चेहऱ्यावर ती दवाखान्यातली मऊ काळजी आली, आणि तिनं आर्डिसचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन थोपटला.

"सात महिने," ती म्हणाली. "आणि घरी तुमच्या सोबतीला कुणी असतं का, आर्डिस?"

"मी एकटीच असते. त्याचं काय?"

"काही नाही." जेनेलनं तिच्या खांद्यावरून रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं. "इथे तुम्ही स्वतःच गाडी चालवत आलात?"